कूस

मागच्या डिसेंबरात तीन आठवडे साताऱ्याला गेले होते. परत येऊन आता बरेच महिने झाले, पण त्यातली एक दुपार काही केल्या पाठ सोडत नाही. चार वाजले असतील. आई ओट्याशी चहा टाकत होती, मी जेवणघरात शेंगा सोलत बसले होते आणि मावशी आल्या. बाबा अंथरुणाला खिळले ती साडेतीन वर्षं त्यांचं सगळं ज्यांनी केलं, त्या मावशी. मी आल्याचं कळल्यावर करंज्याहून चालत आल्या होत्या. खुर्ची रिकामी होती, तरी सवयीनं दाराच्या चौकटीला पाठ लावून खालीच बसल्या. आईनं चहा त्यांच्या ठरलेल्या कपात दिला, कान तुटलेल्या. तो कप अजून वेगळा ठेवलेला आहे हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, आणि लक्षात येऊनही मी नजर शेंगांकडे वळवली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, "ताई, काकू सांगत हुत्या, तुमी तिकडं दवाखान्यात लागला म्हणून. काय काम असतं वो?" मी सांगितलं. गोळ्या-औषधं देते, सलाईन लावते, रात्रभर बीपी-शुगर बघते, पेशंटला कुशीवर वळवते, अंग पुसते, घाण काढते, भरवते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला. परमुलखात अचानक आपल्या गावचं माणूस भेटावं तशा हसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे माझंच काम करता की वो तुमी!"

आई ओट्यापासूनच म्हणाली, "अहो नाही हो मावशी, ती नर्स आहे. तिकडची मोठी परीक्षा पास झालीये. सरकारी लायसन्स आहे तिला."

"व्हय का," मावशी म्हणाल्या, आणि कपात बघत राहिल्या.

मी काहीच बोलले नाही.

आई खोटं बोलली नव्हती, म्हणून तर ते जास्त टोचतं. लायसन्स आहे. २०२४ च्या जुलैत एका सकाळी न्यू जर्सीच्या नर्सिंग बोर्डाच्या वेबसाइटवर मी माझं आडनाव टाकलं. परीक्षा झाल्यापासून दिवसातून वीस वेळा टाकत होते. त्या दिवशी नाव आलं, नावासमोर नंबर आला आणि पुढे 'ॲक्टिव्ह' असा शब्द. मुलगी शाळेत, नवरा मीटिंगमध्ये. कुकरची शिट्टी होत होती. मी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. साताऱ्यात एका पतसंस्थेत तीन वर्षं क्लार्क होते, मग लग्न, मग इथे. इथे आल्यावर अनेक वर्षं एच-फोर व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीला जोडलेलं माझं असणं. बँकेचं खातं जॉइंट, अर्जावर 'व्यवसाय' या रकान्यात रेघ. त्या रेघेचं मला किती वाईट वाटत होतं हे मला रेघ गेल्यावर कळलं. २०१५ मध्ये एच-फोरवाल्यांपैकी काहींना काम करायची परवानगी देणारा नियम आला. आमची कागदपत्रं त्यात बसायला पुढची काही वर्षं गेली. हातात कार्ड आलं तेव्हा काय करायचं ते मला माहीत नव्हतं. ते बाबांच्या आजारानं ठरवलं.

जून २०१९. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी धावत गेले, तीन आठवडे राहिले. दवाखान्यात डॉक्टर सकाळी यायचे, चार-पाच मिनिटं थांबायचे, चांगले होते, पण बाबांची रात्र कशी गेली हे त्यांना सिस्टर सांगायच्या. बाबांना गिळता येत नव्हतं. नाकातल्या नळीतून पेज कशी द्यायची, देताना डोकं किती उंच ठेवायचं, दिल्यावर लगेच का झोपवायचं नाही, हे मला एका तरुण सिस्टरनं शिकवलं. तिची ड्युटी संपून गेली होती. स्वेटर घातलेला, पर्स खांद्याला, आणि तरी थांबून शिकवत होती. मला आजही तिच्या हातातली ती मोठी सिरिंज दिसते, आणि पेज हळूहळू खाली उतरताना तिचं तोंडातल्या तोंडात आकडे मोजणं. परतताना विमानात मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. पण परतल्यावर पहिल्यांदा शोधलं ते नर्सिंगचं.

बाबांना घरी आणलं तेव्हा कुणीतरी मावशींचं नाव सुचवलं. नाव म्हणजे 'करंज्याच्या मावशी', एवढंच. वजन पंचेचाळीस किलोही नसेल. बाबा ऐंशीचे. इथे रात्रीचे नऊ वाजले की तिथे सकाळ. मुलीला झोपवून मी फोन लावायचे. आई फोन खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवायची आणि तेवढ्या वेळात मावशी बाबांना पुसून घ्यायच्या. कॅमेऱ्यात बाबांचा चेहरा माझ्याकडे असायचा, त्यांच्या मागे मावशींचे हात, पितळी घमेल्यातून निघणारी वाफ, आणि बाबांच्या अंगाखाली आईची जुनी हिरवी सुती साडी, चौपदरी घडी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत आडवी पसरलेली. मावशी साडीची कड दोन्ही मुठींत गुंडाळायच्या, एक गुडघा पलंगाच्या कडेला टेकायच्या आणि म्हणायच्या, "चला दादा, कुशीवर." आणि ऐंशी किलोंचा देह बिनआवाज वळायचा. मग पाठ पुसायच्या, कोरडी करायच्या आणि कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, उलटा हात ठेवून क्षणभर थांबायच्या. ते थांबणं मी रोज बघत होते. ते कशासाठी आहे हे मला कित्येक वर्षं कळलं नाही.

'दोन वर्षांची डिग्री' असं मी घरी सांगितलं तेव्हा साताऱ्यात पहिला प्रश्न आला, "म्हणजे एएनएम का?" चूक नव्हती. आपल्याकडे दोन वर्षांचं नर्सिंग म्हणजे एएनएम, उपकेंद्रातल्या सिस्टर, लसीकरण, बाळंतपणं. रीतसर जीएनएम तीन वर्षांचं आणि बीएस्सी चार वर्षांचं. इथली असोसिएट डिग्री कागदावर दोन वर्षांची असते, पण त्या दोन वर्षांच्या दारात पोचायलाच दोन-अडीच वर्षं जातात. शरीररचना आणि शरीरक्रिया, पहिला भाग, दुसरा भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी लेखन, त्यावर प्रवेशपरीक्षा. वाणिज्य शाखेतून आलेल्या मला पेशीचं तोंड बघूनही वीस वर्षं झाली होती. २०२० च्या जानेवारीत पहिला विषय घेतला, मार्चमध्ये कॉलेज बंद झालं आणि दोनशे सहा हाडं मी डायनिंग टेबलवर लॅपटॉपसमोर शिकले. फ्रिजवर चिठ्ठ्या लावायचे. मुलगी येताजाता विचारायची, "आई, सेक्रम कुठे असतं?" आणि मी बाबांच्या पाठीवरची ती जागा आठवून सांगायचे.

या दोन वर्षांच्या डिग्रीमागे एका बाईचं डोकं आहे, मिल्ड्रेड मॉन्टॅग यांचं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सेसची टंचाई होती. शिक्षण बहुतेक हॉस्पिटलांच्या स्वतःच्या शाळांत व्हायचं, तीन वर्षं, आणि त्या तीन वर्षांत वॉर्ड मोठ्या प्रमाणावर विद्यार्थिनींच्याच श्रमांवर चालायचे. मॉन्टॅगबाईंनी १९५१ मध्ये कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात मांडणी केली की नर्सिंग हॉस्पिटलच्या ताब्यातून काढून साध्या दोन वर्षांच्या कॉलेजांत आणा. पुढच्याच वर्षी मोजक्या कॉलेजांत प्रयोग सुरू झाला. हॉस्पिटलच्या शाळांना हव्या असायच्या तरुण, अविवाहित, वसतिगृहात राहणाऱ्या मुली. या नव्या वर्गांत लग्न झालेल्या, पोरंबाळं असलेल्या, तिशी-चाळिशी ओलांडलेल्या बायका येऊन बसल्या. हे मी वाचलं तेव्हा वर्गात मान वर करून पाहिलं. फिलिपिन्सची आजी झालेली बाई, रात्री गोदामात काम करून सकाळी येणारा घानाचा मुलगा, दोन जुळ्यांची आई, आणि मी. आम्हाला कुणी तरी सत्तर वर्षांपूर्वी मनात धरलं होतं. मॉन्टॅगबाईंना मात्र ही नर्स 'तांत्रिक' अपेक्षित होती, चार वर्षांच्या पदवीवाल्यांच्या हाताखाली काम करणारी. प्रत्यक्षात दोघींना परीक्षा एकच, लायसन्स एकच. वाद मात्र अजून मिटलेला नाही. मलाही नोकरी लागताना लिहून द्यावं लागलं की पुढच्या काही वर्षांत बॅचलर्स पूर्ण करीन. म्हणजे उतरंड सगळीकडे आहे. माझ्या वर कुणी, माझ्या खाली कुणी.

पहिल्या सत्रातली स्किल्स लॅब. पलंगांची रांग, त्यांवर प्लॅस्टिकचे पेशंट, रबराचा आणि सॅनिटायझरचा वास. शिकवणाऱ्या बाई तीस-पस्तीस वर्षं रात्रपाळी करून निवृत्त झालेल्या, आवाज खरखरीत. त्यांनी चादर आडवी चौपदरी केली, पुतळ्याच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंथरली, कडा मुठींत गुंडाळल्या आणि म्हणाल्या, "ही ड्रॉ शीट. पेशंटला कधीही ओढायचं नाही. ओढलं की वरची कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं मांस हाडाबरोबर सरकतं. जखम आतून सुरू होते." माझ्या डोळ्यांसमोर हिरवी साडी. वर्ग संपल्यावर मी त्यांना मावशींबद्दल सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. कापड सुती आहे का? खाली सुरकुती राहते का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला माहीत होती. साडी पसरल्यावर मावशी तळवा फिरवून एकेक चुणी काढायच्या, आई पापड लाटून झाल्यावर पोळपाट साफ करते तितक्या निगुतीनं. बाई म्हणाल्या, "मग ती नर्स आहे." सहज म्हणाल्या, आणि पुढच्या पुतळ्याकडे वळल्या.

आणखी एक गोष्ट त्यांनीच शिकवली. पुस्तकांत पडून राहिल्याच्या दाबानं होणाऱ्या जखमेची पहिली खूण म्हणून लाल चट्टा दाखवतात, बोटानं दाबलं तरी पांढरा न होणारा. ते चित्र बहुतेक गोऱ्या कातडीवरचं असतं. सावळ्या कातडीवर लाली अनेकदा दिसतच नाही. तिथे हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम आहे का, कडक आहे का, की भिजल्यासारखं मऊ. कसं बघायचं ते दाखवताना त्यांनी उलटा हात ठेवला आणि क्षणभर थांबल्या. त्या रात्री फोनवर मी पहिल्यांदा मावशींना हाक मारली. एरवी मी फक्त बाबांशी आणि आईशी बोलायचे. "मावशी, पाठ कशी आहे?" त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "गार हाय, ताई."

बाबा २०२३ च्या फेब्रुवारीत गेले. माझं दुसरं सत्र चालू होतं. दोनपेक्षा जास्त क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातले प्रात्यक्षिकाचे दिवस, चुकले तर सत्र बाद, हे कारण मी लोकांना सांगितलं. खरं कारण पासपोर्टवरचा संपलेला शिक्का होतं. गेले असते तर नव्या शिक्क्यासाठी किती महिने तिथे अडकले असते कुणास ठाऊक, मुलगी इथे. असे हिशेब बाप गेल्यावर दहा मिनिटांत करावे लागतात, आणि ते करता आले याचं मला अजून नीट सहन होत नाही. फोन कट्ट्यावरच होता. शेवटच्या आंघोळीला भाऊबंद पुढे आले, काका, चुलतभाऊ. साडेतीन वर्षं ज्यांनी ते अंग रोज पुसलं त्या मावशी दाराशी उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. कुणाला तरी बाबांना नीट वळवता येईना. खांदा एकीकडे, कंबर दुसरीकडे. मी सात-आठ हजार मैलांवरून नाही, तर त्याहून लांबून ओरडल्यासारखी ओरडले, "मावशींना घ्या ना!" पण फोनचा आवाज बंद करून ठेवलेला होता. तिसऱ्या दिवशी मी क्लिनिकलला गेले. एका म्हाताऱ्या इटालियन गृहस्थांना आंघोळ घालायची होती. आधी डोळे, साबण न लावता, नाकाकडून कानाकडे. मग चेहरा, हात, छाती, पाय. पाणी बदलायचं. मग पाठ. त्यांची पाठ रुंद होती आणि मधोमध एक तीळ होता. त्यांनी विचारलं, "रडतेस का?" मी म्हटलं, पाण्याची वाफ आहे.

लायसन्सची परीक्षा इथे संगणक घेतो, आणि तुम्ही उत्तर कसं देता त्यावर पुढचा प्रश्न ठरवतो. बरोबर आलं की अवघड, चुकलं की थोडा सोपा. कमीत कमी पंच्याऐंशी प्रश्न, जास्तीत जास्त दीडशे, पाच तास. खात्री पटली की मध्येच पडदा बंद होतो, पास की नापास ते कळत नाही. आत जाताना तळहाताच्या शिरांचं स्कॅन करतात. माझे हात इतके थंड पडले होते की तीनदा करावं लागलं. अभ्यास करताना एका प्रकारचे प्रश्न मला कधी चुकले नाहीत. चार कामं दिलेली असतात, यांतलं कोणतं मदतनिसाकडे सोपवाल? नव्या पेशंटची पहिली तपासणी सोपवायची नाही. घरी गेल्यावर इन्सुलिन कसं घ्यायचं ते शिकवणं सोपवायचं नाही. औषध दिल्यावर काय फरक पडला ते ठरवणं सोपवायचं नाही. सोपवायचं ते: आंघोळ, भरवणं, कूस बदलणं. शेकडो प्रश्न सोडवले आणि शेकडो वेळा त्या गोलावर टिचकी मारली. प्रत्येक वेळी बरोबर.

परीक्षेत मार्क मिळत होते ते मावशींचं काम ओळखून बाजूला काढण्याचे.

नियमात चूक आहे असं मी म्हणणार नाही. काम सोपवलं तरी जबाबदारी नर्सचीच राहते, हेही तिथेच शिकवतात. आणि लायसन्स म्हणजे नुसता कागद नाही, हे मी पहिल्याच हिवाळ्यात अनुभवलं. एक आजी, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी आलेल्या, पहाटे दोनला मला मुलीच्या नावानं हाक मारायला लागल्या. ताप नव्हता. पण श्वास जरा जलद होता, रात्रभरात लघवी जेमतेम झाली होती, बीपी थोडं उतरलेलं. एकेकटी गोष्ट घेतली तर काहीच नाही. मी चारही एकत्र धरल्या आणि तातडीच्या टीमला बोलावलं. जंतू रक्तात उतरत होते. आजी वाचल्या. ते चार धागे एकत्र धरायला मला कॉलेजनं शिकवलं, डायनिंग टेबलवरच्या त्या रात्रींनी शिकवलं. तिथे मावशी असत्या तर त्यांना कळलं असतं की 'आज काकू बऱ्या न्हाईत', पण कुणाला काय सांगायचं आणि कोणत्या शब्दांत सांगितलं म्हणजे माणसं धावत येतील, हे त्यांच्या हाती कुणी दिलेलं नाही. आईचा अभिमान खोटा नाही. मला तो हवा आहे. रकान्यातली रेघ गेलीय, ती मला परत नको आहे.

पण त्याच हिवाळ्यात दुसरीही एक रात्र होती. सहा पेशंट, त्यांत दोन नवे भरती झालेले, आणि मदतनीस एकच, तिच्याकडे आमच्या सगळ्यांचे मिळून बारा. पाच नंबरच्या खोलीत मांडीचं हाड मोडलेले एक गृहस्थ. भरती होताना जखमेचा धोका मोजतात. जाणीव किती, ओल किती, हालचाल किती, खाणं किती, असे सहा मुद्दे. पूर्ण गुण तेवीस, अठरा किंवा खाली आले की धोका. त्यांचे बारा होते. दर दोन तासांनी वळवायचं असं लिहिलेलं होतं, मीच लिहिलं होतं. दहाला वळवलं. बाराला मी दुसऱ्या खोलीत रक्त चढवत होते, तिथून पहिली पंधरा मिनिटं हलता येत नाही. मदतनीस कुणाला तरी बाथरूममध्ये धरून उभी होती. दोनला नवा पेशंट आला. चारला मी त्यांच्याकडे गेले. चादर धरली, वळवलं, टॉर्च मारला. माकडहाडाच्या वर जांभळा डाग, पिकलेल्या करवंदाच्या रंगाचा. उलटा हात ठेवला. गरम होता.

पुढचं सगळं रीतसर झालं. फोटो, मोजपट्टी, तीन सेंटिमीटर बाय दोन, रिपोर्ट, सकाळी जखमांची खास नर्स आली. हॉस्पिटलात मुक्कामी असताना झालेली खोल जखम असेल तर तिच्या उपचारांचे जादा पैसे मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्या माणसांचा सरकारी विमा, २००८ पासून देत नाही, त्यामुळे या जखमांची नोंद फार काटेकोर ठेवतात. मला कुणी रागावलं नाही. सगळे म्हणाले, काय करणार, माणसं कमी होती. खरंच कमी होती. घरी आले, गरम पाण्याखाली उभी राहिले आणि मुंबईच्या केईएम हॉस्पिटलची आठवण आली. अरुणा शानबागची. आपल्या पिढीच्या मराठी घरांत हे नाव हळू आवाजात घेतलं जायचं. तीही नर्सच होती, तिथलीच, एका हल्ल्यानंतर कायमची अंथरुणाला खिळलेली. १९७३ पासून २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं, केईएमच्या नर्सेसनी तिला सांभाळलं. ज्यांनी तिला धडधाकट पाहिलंही नव्हतं अशा पुढच्या पिढ्यांच्या मुलींनी सांभाळलं. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला जखम झाली नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानंही २०११ च्या निकालात घेतली. मी पूर्वी ही गोष्ट माया, निष्ठा अशा शब्दांत ऐकली होती. त्या सकाळी मी तिचं गणित करायला लागले. दोन तासांनी एकदा म्हणजे दिवसाला बारा वेळा. वर्षाला चार हजार तीनशे ऐंशी. बेचाळीस वर्षं. पुढचा गुणाकार माझ्याच्यानं झाला नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी चादर धरली होती.

तर ती दुपार. चहा झाला. आईनं मावशींना साडी दिली, हळदीकुंकू लावलं, कंदी पेढे बांधून दिले. मावशी निघाल्या. मी दारापर्यंत गेले. चपलेत पाय घालता घालता त्या थांबल्या. मघाशी आई 'लायसन्स' म्हणाल्यापासून त्या माझ्याशी जरा अदबीनं बोलत होत्या, आणि ते मला लागत होतं. पण आता त्यांनी आवाज खाली आणून, एक कारागीर दुसऱ्याला विचारतो तसं विचारलं, "ताई, एक इचारू? तुमच्या मानसाच्या पाठीला कदी जखम झाली का वो?"

आई मागे उभी होती.

"झाली," मी म्हणाले. "एकाच्या. माझ्याच रात्री."

मावशींनी चपला काढल्या. पायरीवर बसल्या. "केवढी?" मी अंगठा आणि तर्जनीत दाखवली. "एकट्याच हुता?" मी सहा जणांचं सांगितलं, मदतनिसाचं सांगितलं, रक्त चढवत होते ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ती सुटका करणारी मान नव्हती. "सा जनांत न्हाई व्हायचं," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "कुनीकडनं वळवता? दावा बरं." मी हवेत हात करून दाखवायला लागले. त्यांना ते पटेना. उठल्या, आत आल्या, सरळ बाबांच्या खोलीत गेल्या. पलंग तिथेच होता, वर आईच्या गोधड्यांची चळत. त्यांनी गोधड्या उतरवल्या. कपाटाच्या खालच्या खणात हात घातला आणि ती हिरवी साडी काढली. ती कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, आईलाही आठवत नव्हतं. चौपदरी केली, अंथरली, तळवा फिरवून चुण्या काढल्या. "निजा," म्हणाल्या.

दीड-दोन वर्षांत मी किती माणसं वळवली असतील. मला कुणी कधी वळवलं नव्हतं. मी झोपले. आडवं झाल्यावर खोली वेगळीच दिसते, पंख्याचा दांडा वाकडा आहे हे तेव्हाच कळतं. मावशींनी कडा मुठींत गुंडाळल्या, गुडघा पलंगाला टेकला, त्यांच्या अंगाला चुलीचा आणि निरम्याचा वास येत होता. "अंग सोडा, ताई. धरून ठिवू नका." मला सोडता येईना. त्या थांबल्या. घाई केली नाही. मग कधीतरी मी सोडलं असणार, कारण पुढच्या क्षणी मी कुशीवर होते, ओढल्याचं कुठेच जाणवलं नाही. कंबरेच्या खाली त्यांचा उलटा हात आला आणि थांबला.

समोर खिडकी होती. खिडकीचा कट्टा अगदी डोळ्यांच्या रेषेत, हातभर अंतरावर, आणि त्यावर आईनं फोन टेकवायला ठेवलेला लाकडी ठोकळा अजून तसाच. मला वाटायचं, आई फोन जागा मिळेल तिथे ठेवत होती आणि बाबा योगायोगानं माझ्याकडे तोंड करून असायचे.

"सकाळच्याला हिकडंच वळवायची मी त्यास्नी," मागून मावशी म्हणाल्या. "तुमचा फोन यायचा न्हवं."